डावा गुडघा

"कुठला गुडघा?" कागदावरून नजर न उचलता दत्तोपंतांनी विचारलं.

खंडोजी जाधवानं खाली पाहिलं. गुडघे दोन होते आणि दोन्ही चांगले होते. कालच मंगळवार झाला. देवीची टेकडी तो काल दोनदा चढून आला होता. एकदा दर्शनाला, आणि खाली उतरल्यावर बायकोची ओटीची पिशवी वर राहिली म्हणून पुन्हा.

"कुठला, मतलब?"

"मतलब डावा की उजवा? साहेबाचं पत्र आलंय तुझ्याबद्दल. इंग्रजीत होतं, मी मराठी करून कारभाऱ्यांपुढे ठेवलं. जाधव शिपाई गुडघ्यांनी अशक्त आहे, फाटकाच्या पहाऱ्यास लायक नाही. त्यावर कारभाऱ्यांचा शेरा पडला, कोणता गुडघा ते नमूद करावे. आता मी काय नमूद करू? माझा?"

खंडोजीच्या हातात फडक्याचं गाठोडं होतं. त्यात त्याचा कमरेचा पट्टा आणि पितळी बिल्ला होता. नोकरी गेली असं धरूनच तो कचेरीत आला होता, आणि मागण्याआधी आपणच ठेवून द्यावं म्हणून दोन्ही घासूनपुसून आणलं होतं. गुडघ्याची गोष्ट त्याच्या स्वप्नातही नव्हती. पण तो निरक्षर होता, मूर्ख नव्हता. लगेच त्याच्या ध्यानात आलं. साहेबानं दया केली होती. खरा गुन्हा लिहिला असता तर पट्टा गेला असता. म्हणून त्या भल्या माणसानं सगळं गुडघ्यांवर ढकललं होतं.

"डावा," खंडोजी म्हणाला.

"डावा," असं पुटपुटत दत्तोपंतांनी टाक शाईत बुडवला.

खरा गुन्हा असा होता. ते साल १९०४चं. देवासात प्लेग होता. ज्या घरात माणूस दगावे त्या घरच्या उरलेल्यांना गावाबाहेर झोपड्यांत दहा दिवस ठेवत. झोपड्यांभोवती काट्यांचं कुंपण आणि रस्त्याच्या बाजूला एक आडवा बांबू, हेच फाटक. आतल्यानं बाहेर यायचं नाही, बाहेरच्यानं जवळ जायचं नाही. बांबूपाशी खंडोजीचा पहारा होता. भट्टी अर्धी पेटवून आलेला एक कुंभार त्याच्या पाया पडला होता, त्याला त्यानं सोडलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं पोटात काठी ढोसली, त्यालाही सोडलं नव्हतं.

मग दुर्गा आली. नवरा गेला म्हणून तिला उचलून आणली होती. चार महिन्यांची मुलगी त्या दिवशी आजीकडे दुसऱ्या गल्लीत होती, ती तिथेच राहिली.

"दादा, म्हारी छोरी भूखी हे," ती बांबूला धरून म्हणायची.

"हुकूम नाही, बाई."

दोन दिवस तेवढंच बोलणं. तिची चोळी दुधानं भिजलेली असायची आणि खंडोजी रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी आजी पोर घेऊन समोरच्या लिंबाखाली येऊन बसली. पोर शेळीचं दूध तोंडात धरेना. मधे रस्ता, तीसेक पावलांचा. रडणं आधी मोठं होतं, मग बारीक होत गेलं. मोठं होतं तोवर खंडोजीनं सोसलं.

"परत येशील?" त्यानं विचारलं.

"अई जऊँगी. देवी की सौगन."

त्यानं बांबू उचलला. उचलताना त्याचे पाय लटपटत होते. ही बाई पळाली तर आपलं काय, आणि हिच्या पदराला रोग असला तर त्या पोराचं काय, हे दोन्ही त्याला दिसत होतं. दुर्गा रस्ता ओलांडून गेली, लिंबाखाली पाठ करून बसली, आणि पोर निजल्यावर स्वतःच्या पायांनी परत येऊन बांबूच्या आत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी ती लिंबाखाली असतानाच प्लेगाचा साहेब घोड्यावरून आला. त्यानं बांबू पाहिला, लिंब पाहिला, खंडोजीला नखशिखांत पाहिलं, आणि दोनच शब्द बोलून वही काढली. खंडोजीला ते नुसते आवाज म्हणून लक्षात राहिले: वीक नीड.

त्यानंतर पंधरा दिवस तो रोज सकाळी आजीच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. घरातून धूर निघाला, पोराचं रडणं ऐकू आलं की परत यायचा. आजी आजारी पडली नाही, पोरही पडलं नाही. सोळाव्या दिवशी त्यानं पोटभर भाकरी खाल्ली.

कचेरीनं पायानं अधू झालेल्या शिपायाला बसून करायचं काम दिलं. कचेरीच्या ओसरीत पितळेची जाड थाळी टांगलेली होती. बाजूला भिंतीवर घड्याळ. घड्याळाकडे बघायचं आणि तासातासाला थाळीवर टोल द्यायचे. बसायला एक स्टूल.

लंगडणं मात्र शिकावं लागलं. पहिल्या आठवड्यात दोनदा गडबड झाली. ओसरीतला दुसरा शिपाई प्रतापराव जिभेचा तिखट होता.

"काय भिया, दुखणं आज उजव्या पायात गेलं का? फिरतीवर असतं वाटतं."

तेव्हापासून खंडोजीनं डाव्या जोड्यात टाचेखाली एक खडा ठेवला. टेकडीच्या पायथ्याचाच होता, हरभऱ्याएवढा. पाय टेकला की टोचायचा, आणि लंगडायचं विसरायला व्हायचं नाही.

साहेबानं आपल्यासाठी झूट लिहिलं, तर त्याला झूट पाडायचं नाही, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं. पण त्याची किंमत त्याच्या उशिरा ध्यानात आली. देवासची टेकडी गावाच्या उशाशी आहे. पायऱ्यांवर कोण चढतंय ते कचेरीच्या ओसरीतूनसुद्धा दिसतं. जाधवांची कुलदेवी वर. लग्न झाल्यापासून नवराबायकोंचा एक मंगळवार चुकला नव्हता. आता गुडघ्यांनी अशक्त माणूस टेकडी कशी चढणार?

"देवीनं बरं केलं म्हणून सांगा की," उमाबाई म्हणाली. ती त्याची बायको. घरात खरं काय ते तिला एकटीला ठाऊक. "गाव तर काय, कारभारीसुद्धा नारळ फोडतील."

"देवीच्या नावावर झूट बोलू? साहेबाच्या नावावर बोलून राहिलोय तेवढं बस आहे."

"साहेबाचं झूट चालतं. देवीचं तेवढं बाटतं."

"साहेब माझा कोण लागतो? देवी आपली आहे."

उमाबाईनं मग वाद घातला नाही. मंगळवारी ती एकटी वर जायची. तो खालच्या पायरीवर बसायचा. शेजारी दुर्गाची फुलांची टोपली असे. नवरा गेल्यावर तिनं हाच धंदा धरला होता. ती कधी काही बोलायची नाही. उमाबाई वर निघाली की टोपलीतला सगळ्यात मोठा झेंडू तिच्या हातात ठेवायची आणि पैसे विचारले तर ऐकू न आल्यासारखं करायची. वरून आल्यावर उमाबाई आपल्या बोटानं नवऱ्याच्या कपाळाला कुंकू लावायची आणि काय काय पाहिलं ते सांगायची. आज देवीला हिरवं लुगडं होतं. वारा फार होता. आपलं घर वरून एवढंसं दिसतं. अशी नऊ वर्षं गेली. दर दसऱ्याला खंडोजी साहेबाच्या नावानं एक नारळ फोडायचा. साहेब कुठे बदलून गेला, जिवंत आहे की नाही, काही ठाऊक नव्हतं.

या नऊ वर्षांत दुसरी एक गोष्ट घडली. दत्तोपंतांनी त्याला अक्षरं शिकवली.

दत्तोपंत कचेरीत इंग्रजी कागदांचा तर्जुमा करायचे. फारसे कुणाशी बोलत नसत. पण दोन टोलांच्या मधे ते पाटी घेऊन ओसरीत यायचे आणि खंडोजीच्या स्टुलाजवळ भिंतीला टेकून बसायचे. पन्नाशीला टेकलेल्या शिपायाला हा माणूस एवढ्या मायेनं का शिकवतो, हे कुणाला कळत नसे. खंडोजीलाही नाही. त्याचा हात बांबूला आणि टोलाच्या दांड्याला सरावलेला, पेन्सिल मोडायची. पंत नवी काढून द्यायचे.

एकदा त्यानं विचारलं, "पंत, इंग्रजीत गुडघ्याला काय म्हणतात?"

दत्तोपंतांनी पाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "नी. पण लिहिताना आधी एक के घालतात. तो बोलायचा नाही."

"बोलायचा नाही तर घालतात कशाला?"

"उभा असतो मुकाट. तुझ्यासारखा, पहाऱ्यावर."

खंडोजी हसला. पंत हसले नाहीत, हे त्याला त्या वेळी दिसलं नाही.

दत्तोपंतांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते घरी बसले. त्यांच्या जागी धारचा नीलकंठ आला. इंदुरात कॉलेजात शिकलेला, चोवीस-पंचविशीचा, कामाला चोख. १९१३च्या दसऱ्याला खंडोजी पेन्शनीत निघणार होता. नीलकंठानं त्याच्या नोकरीचे जुने कागद काढले, आणि एका दुपारी तीनचे टोल पडल्यावर त्याला आत बोलावलं.

"खंडोजीदादा, तुमचा गुडघा कुठला?"

"डावा."

"इंग्रजी कागदात डावा नाही. उजवा नाही. खरं म्हणजे गुडघाच नाही."

त्यानं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. मराठी कागद खंडोजीनं आता स्वतः वाचला. इंग्रजीवर नीलकंठाचं बोट होतं.

"हे बघा, वीक-नीड. एकेक शब्द घेतला तर अशक्त, गुडघ्यांचा. पण जोडून घेतला की अर्थ फिरतो. ज्याचं मन ऐन वेळी टिकत नाही, जो ठरवलेलं सोडून मागे सरतो, असा माणूस. आपल्याकडे काय म्हणू?"

खंडोजीला शब्द सापडायला वेळ लागला नाही. "कचखाऊ."

"हां. तोच."

खंडोजीनं त्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं.

"घोड्याचा शब्द आहे हा," तो म्हणाला. "माझा बाप धारच्या पागेत होता. मनावर गावच्या बाजारात घोडं घ्यायचं तर आधी गुडघे दाबून बघायचा. गुडघ्यात कच्चं घोडं उतारावर बसतं, वरच्या माणसासकट."

"माझ्या कोशात घोडा दिलेला नाही, पण असेलही." नीलकंठाला हा विषय आवडीचा होता; कुणाला तरी सांगायला मिळतंय म्हणून त्याचा चेहरा खुलला. "या अर्थानं शब्द तसा नवा आहे, पन्नासेक वर्षांचा. पण कल्पना जुनी. त्यांच्या धर्मग्रंथातही दुबळे गुडघे येतात. भ्यालेल्या माणसांचे. त्यांना धीर द्या म्हणून सांगितलंय."

"धीर द्या म्हणून?"

"हो."

"मग साहेबानं तेवढं पान वाचलं नसेल," खंडोजी म्हणाला.

नीलकंठ हसला, आणि समोरच्या माणसाचा चेहरा पाहून लगेच थांबला. मग त्यानं नीट समजावून सांगितलं. दसऱ्याच्या दरबारात पेन्शनीत निघणाऱ्याचा कागद वाचून दाखवतात आणि शेला देतात. जुना मराठी कागद वाचला तर गुडघे गमावलेला इमानी नोकर म्हणून शेला मिळेल. चूक दुरुस्त केली तर पेन्शनीला धक्का नाही, टोलाची नऊ वर्षंही नोकरीच. पण कचखाऊ म्हणून नोंद झालेल्याला शेला कुणी देणार नाही.

"मला चूक दिसली आहे, तेव्हा ती तशीच ठेवणं माझ्यानं होणार नाही. पण एक करता येईल. इंग्रजी शब्द नागरी अक्षरांत तसाच लिहितो. वीक-नीड. दरबारात कुणाला कळायचं नाही. लोक म्हणतील, काहीतरी किताब असेल."

"उद्या सांगतो," खंडोजी म्हणाला. चारचे टोल त्यानं दिले. ते चारच होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याला मोजून द्यावे लागले.

संध्याकाळी तो दत्तोपंतांकडे गेला. ते घराच्या ओट्यावर बसले होते. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

"ये, खंडोजी," तो कोपऱ्यावर असतानाच ते म्हणाले. "तुझी चाल लपत नाही. एक पाऊल जड, एक हलकं."

खंडोजी खाली बसला आणि त्यानं नीलकंठाचं सगळं बोलणं सांगितलं. दत्तोपंतांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "मला शब्द येत नव्हता, असं वाटतंय तुला?"

"येत नसेल. चूक होते माणसाची."

"येत नव्हता, हे खरं. कोशात वीक होता, नी होता. जोडशब्द माझ्या कोशात नव्हता. पण तर्जुमा दिल्यावर चौथ्या दिवशी गोऱ्यांच्या छावणीतला हेडक्लार्क कचेरीत आला होता, त्याला मी विचारलं. तो पोट धरून हसला. त्यानं अर्थ सांगितला." दत्तोपंतांनी ओट्याची कड चाचपली. "तुझा कागद तेव्हा कारभाऱ्यांच्या पेटीतच होता. पाच पावलांवर. उठून सांगायचं होतं की तर्जुमा चुकला, परत द्या. मी उठलो. दारापर्यंत गेलो. आत चारजण बसले होते. म्हणतील, मुनशीला इंग्रजी येत नाही. मी परत येऊन बसलो. म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या नऊ वर्षं चालला."

गल्लीतून एक बैलगाडी गेली.

"साहेबानं तो शब्द चुकीच्या माणसाला लावला, खंडोजी. त्या आठवड्यात कच कुणी खाल्ली असेल तर ती मी."

खंडोजीला राग यायला हवा होता. त्यानं आत शोधला. राग होता, पण तो पंतांवर नव्हता. दर दसऱ्याला फोडलेले नारळ त्याला आठवत होते. साहेबाची दया नव्हतीच. कुणाचीच नव्हती. एकानं शिवी दिली, दुसऱ्याला ती वाचता आली नाही, आणि त्यातून त्याला स्टूल मिळालं होतं.

"म्हणून पाटी घेऊन येत होतात?" त्यानं विचारलं.

"म्हणून येऊ लागलो. पुढे तुझं अक्षर बघायला येत होतो."

घरी येऊन त्यानं उमाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"मग त्या दिवशी तुम्ही कच खाल्ली का नाही?" तिनं विचारलं.

"पाय लटपटले होते. ते साहेबाला दिसलं असेल."

"पाय लटपटले. आणि बांबू?"

"बांबू मीच उचलला की."

"मग लटपटत उचलला म्हणा." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मला काय विचारता? मला नऊ वर्षं एकटीनं चढून चढून बोलायलाही दम उरला नाही."

दुसऱ्या दिवशी दहाचे टोल देऊन खंडोजी नीलकंठापुढे उभा राहिला.

"मराठीत लिहा. कचखाऊ म्हणून."

"अहो दादा, पण शेला?"

"न कळणारा शब्द नऊ वर्षं पायाला बांधून हिंडलो, भिया. आता कळणारा लिहा. साहेबानं बघितलं ते लिहिलं. त्याचा हुकूम मी मोडला, हे झूट नाही. मला काय वाटतं ते त्याच्या कागदात कुठे बसायचं? फक्त पंतांचं नाव येऊ देऊ नका. म्हातारा माणूस आहे, आंधळा झालाय."

नीलकंठानं कागद त्याच्याकडे फिरवला. दुरुस्तीचा मजकूर लिहून तयार होता. शब्दापुरती जागा मोकळी होती. पण खाली, सहीच्या जागेवर, आधीच एक ओळ होती. अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळ उतरत उतरत कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. खंडोजीनं ते अक्षर ओळखलं. याच हातानं त्याचा हात धरून पाटीवर फिरवला होता. तो सावकाश वाचत गेला: तर्जुमा माझा. चूक कळूनही मी सांगितली नाही. दत्तोपंत.

"कचेरी उघडायच्या आत आले होते," नीलकंठ म्हणाला. "सुनेचा हात धरून. मी म्हटलं, गरज नाही. त्यांनी ऐकलं नाही. टाक कुठे आहे तेवढं सांग, म्हणाले."

नीलकंठानं मोकळ्या जागेत शब्द भरला. त्याखाली, वाचून मान्य केल्याबद्दल, खंडोजीची निशाणी हवी होती. नीलकंठानं सवयीनं अंगठ्याची शाई पुढे केली. खंडोजीनं ती बाजूला सारली आणि टाक घेतला. खंडोजी वल्द शिवाजीराव जाधव. ड जरा फुगला, बाकी ठीक आलं.

बाहेर येऊन तो स्टुलावर बसला, डावा जोडा काढला आणि झटकला. खडा ओसरीत पडून टक् करून उडाला. प्रतापरावानं तो उचलून पाहिला, खंडोजीकडे पाहिलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काही न बोलता परत खाली ठेवला.

खडा गेला तरी पाय सुधारला नाही. डावी टाच आपली जपूनच पडायची. घराच्या मागच्या अंगणात खंडोजी रोज सकाळी चालून बघायचा, आणि उमाबाई दारात उभी राहून सांगायची, "लंगडलात," "आता सीधं," "पुन्हा लंगडलात." दसरा जवळ आला तशी ती "सीधं" एवढंच म्हणू लागली.

दसऱ्याला दरबार भरला. त्या वर्षी दोघे शिपाई पेन्शनीत निघाले होते, प्रतापराव आणि खंडोजी. कागद वाचले गेले. कचखाऊ हा शब्द वाचताना वाचणाऱ्याचा आवाज जरा खाली आला, पण सभेत ऐकू जायचा तेवढा गेला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. शेला एकाच तबकात आला आणि प्रतापरावाच्या खांद्यावर पडला. खंडोजी सरळ बसला होता तसा शेवटपर्यंत बसला, आणि सगळे उठल्यावर उठला.

टेकडीच्या पायथ्याशी उमाबाई थांबली होती. दरबारातलं बोलणं तिथवर पोचलं होतं, कारण झेंडू घेणाऱ्या बायका त्याच्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारत होत्या. दुर्गानं टोपली बाजूला सारली आणि उभी राहिली. पहिल्या पायरीवर कुणाची तरी पिशवी आडवी पडली होती. ती तिनं उचलली आणि वाट मोकळी करून दिली.

"जाओ, दादा," ती म्हणाली.

तो चढू लागला. अर्ध्या वाटेवर उमाबाई कठड्याला धरून उभी राहिली.

"हळू चला की. मला एकटीच्या चालीची सवय झाली."

"मी हळूच चाललोय."

"मग देवी करो आणि तुम्ही पुन्हा लंगडावं," ती म्हणाली, आणि पदरानं घाम पुसून त्याच्या बरोबरीला आली. वर वारा होता. घर खरंच एवढंसं दिसत होतं, तिनं सांगितलं होतं तसं.

उतरल्यावर ती घरी गेली. खंडोजी आपट्याची पानं घेऊन दत्तोपंतांच्या गल्लीत वळला. दिवेलागण व्हायची होती. लोक सोनं वाटत हिंडत होते. पंत ओट्यावर बसले होते. त्यांच्या मांडीवर पानांचा ढीग होता, पण फार मोठा नव्हता. दरबारात त्यांची ओळही वाचली गेली, तेव्हापासून कचेरीची माणसं त्या ओट्याकडे फिरकली नव्हती. खंडोजी जवळ आला तसा त्यांनी कान दिला. पावलं सारखी पडत होती, दोन्ही हलकी.

"कोण आहे?" पंतांनी विचारलं. "कोण ते? ओळख लागली नाही."

मी, असं म्हणायला खंडोजीनं तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं. आवाज न करता तो कोपऱ्यापर्यंत मागे गेला. मग तिथून पुन्हा निघाला, एक पाऊल जड, एक हलकं.

"ये, खंडोजी," दत्तोपंत म्हणाले, आणि सोनं घ्यायला त्यांनी हात पुढे केला.